पूजेला मांडलेलं मशीन

माझ्या सबंध नोकरीत माझा जाहीर सत्कार एकदाच झाला, आणि तो पुरावा नष्ट केल्याबद्दल होता. शाल, नारळ, हार, सगळं रीतसर. फोटोही आहे. त्यात मी ज्या थाटात हसतोय ते पाहिलं की फोटो कपाटात उलटा ठेवावासा वाटतो. सौ. तो पुन्हा सुलटा करते.

पलूसकडच्या एका दूध संघात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे मी, एक पंखा आणि कायम गरम असलेली एक खोली. राहायला कराडला, रोजचं जाऊन-येऊन. दूध संघ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर म्हशी आणि किटल्या येतात. पण कुठल्या सभासदाचं दूध किती, फॅट किती, त्याचा फोन नंबर काय, बँकेचं खातं कुठलं, म्हशीच्या कानातला बिल्ला कितव्या नंबरचा, हे सगळं त्या गरम खोलीतल्या मशीनच्या पोटात असतं. ते पोट बिघडलं की सकाळचं दूध नासायला लागतं.

तर एका सकाळी हिशेब विभागातल्या मशीनवर लाल अक्षरं झळकली. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, सोडवायच्या असतील तर आमच्याशी बोला, असा मजकूर. सगळं ऑफिस गोळा झालं. मी बाह्या सरसावल्या. मशीन पुसून कोरं केलं, माझ्याकडं ठेवलेली जुनी प्रत त्यावर चढवली आणि संध्याकाळच्या आत काम सुरू करून दिलं. अध्यक्षांनी तिथल्या तिथं शाल मागवली.

दोन-तीन दिवसांनी तक्रारीच्या चौकशीला सांगलीहून सायबर शाखेचे एक फौजदार आले. म्हणाले, “मशीन कुठंय?”

“हे काय साहेब,” मी अभिमानानं म्हणालो, “नवं कोरं करून ठेवलंय.”

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “म्हणजे घरात खून झाला. तुम्ही फरशी धुतली, भिंतींना रंग दिला, वास्तुशांत घातली, पंगती उठवल्या. आणि आता आम्हाला बोलावलंत. आम्ही काय करू? पान खाऊ?”

त्यांना चहा दिला. दुसरं देण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला एका कामाचं वेड लागलं. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, ते सांगून तुमची दिवाळी खराब करत नाही. काम असं: चोर येणारच, असं धरून चालायचं. तो यायच्या आधी दारात बारीक माती भुरभुरून ठेवायची, म्हणजे आला तर पावलं उमटतील. आणि तो येऊन गेल्यावर त्या मातीवर आपल्याच माणसांनी नाचू नये, एवढं बघायचं. पहिला भाग सोपा, तो मशीन करतं. कुठली फाईल कधी उघडली, कुठला पेन ड्राइव्ह कधी खुपसला, सगळं ते मनात ठेवतं, एखाद्या खाष्ट सासूसारखं. पण तुम्ही “नुसतं बघतो” म्हणून जरी ते चाळलंत, तरी चोराच्या पावलांवर तुमची पावलं पडतात. म्हणून दुसऱ्या भागाचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: हात लावू नका.

हे वाक्य सातारा-सांगलीच्या माणसाला सांगून बघा. आमच्याकडं रस्त्यात गाडी बंद पडली तर चहाच्या गाड्यावरून चारजण उठून येतात आणि मालकाला न विचारता बॉनेट उघडतात. मदत न करता उभं राहणं हा आमच्यात गुन्हा आहे.

तरी मी मागं हटलो नाही. आधी सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवायला घेतली, कारण कोण कधी आलं हे कळायला वेळ एक पाहिजे. तर फाटकावरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चांगलंच पुढं निघालं. ते आमच्या तानाजीचं काम. तानाजी म्हणजे ऑफिसचा शिपाई, संघाच्या स्थापनेपासूनचा. “सायेब, मीच पुढं ठिवलंय,” तो म्हणाला, “लोकं येळंवर यावीत म्हून.” मी ते बरोबर लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं ऑफिस उशिरा यायला लागलं.

मग मी सराव घेतला. फसव्या मेलना लोक भुलतात का ते बघायला मीच एक फसवी मेल सगळ्यांना पाठवली: सणानिमित्त संघातर्फे श्रीखंडाचा डबा, खालच्या लिंकवर आपलं नाव आणि पासवर्ड भरा. अर्ध्या ऑफिसनं भरला. मी खूश झालो, आता भाषण ठोकायचं म्हणून टिपणं काढत बसलो. तोवर कँटीनच्या दारात रांग लागली. काहीजण घरून डबे घेऊन आले होते. अध्यक्षांचा फोन आला, “माझा डबा ड्रायव्हरबरोबर घरी पाठवून द्या.” त्यांनीही पासवर्ड भरला होता. शेवटी खरंच चक्का टांगावा लागला. फसव्या मेलमध्ये दिलेला शब्द पाळणारा जगातला पहिला हल्लेखोर मीच असेन. वर तोटा असा झाला, की पुढं खरी फसवी मेल आली की लोक आधी मला येऊन विचारायचे, “ह्यात काय मिळणार हाय?”

मग स्टिकर छापले. लाल अक्षरात, “संशयास्पद घटना. हात लावू नये.” त्यातला एक पुढं कँटीनमधल्या दह्याच्या पातेल्यावर चिकटवलेला सापडला. तिथं मात्र त्याचा मान राखला जात होता.

आता वैशालीबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे. वैशाली सभासद नोंदणीचं काम बघायची. कितीतरी वर्षं कंत्राटावर होती. पहिल्या एसटीनं यायची, मशीन उघडायची, आणि मग दिवसभर ते मशीन सार्वजनिक नळासारखं. कुणाला सभासदाचं गाव बघायचंय, कुणाला नंबर, जो तो येऊन तिच्याच नावानं बघून जायचा. ती नसली तरी अडायचं नाही. पासवर्ड म्हणजे तिच्या लेकीचं नाव, ते सगळ्यांना पाठ. मी ओरडलो तर म्हणाली, “सर, उघडं ठेवलं तर माणसं येत्यात, जात्यात. बंद केलं की म्हणत्यात, लय शानी झाली.” तिला कायम करण्याचा ठराव दसऱ्यानंतरच्या संचालकांच्या बैठकीत येणार होता, त्यामुळं त्या दिवसांत तिला शहाणी व्हायचं नव्हतं.

नवरात्रात खानापूरकडच्या एका म्हाताऱ्या सभासदाचा फोन आला.

“सायेब, अनुदान आलंय म्हून एकाचा फोन आला. माझं नाव सांगतोय, गाव सांगतोय, आन् माझ्या म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगतोय! आवं, त्यो नंबर मलाबी ठावं न्हाई. गोठ्यात जाऊन बगितलं तर बराबर!”

“ओटीपी नाही ना सांगितलात, आप्पा?”

“म्हशीचं एवढं ठावं हाय म्हंजे आपलाच माणूस आसंल, म्हून सांगितला की.”

दिवसभर तसलेच फोन. म्हणजे सभासदांची सगळी माहिती बाहेर गेली होती. संकलन केंद्रांवर निरोप धाडले, दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, कुणालाही ओटीपी देऊ नका. पोलिसांत तक्रार दिली. काहींचं नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोक चिडून संघावर आले, आणि संघाला कुणीतरी दाखवायला हवं होतं.

माझा सर्व्हर एकच नाव सांगत होता: वैशाली. माहिती रोज तिच्याच नावानं उघडली जात होती. ती कधी आणि कशात भरून बाहेर नेली, हे सर्व्हरला ठाऊक नव्हतं. ते फक्त तिच्या टेबलावरच्या मशीनच्या पोटात होतं. पण उपाध्यक्ष आबांना तेवढ्यावरच सगळं कळलं होतं. आबा म्हणजे दिलदार माणूस, पण दिलाचं दार उघडायच्या आधी तोंडाचं उघडायचं. “नाव हिचं, म्हंजे काम हिचं. दसऱ्यानंतरच्या बैठकीत हिला काढा, आन् केस घाला.” ज्या बैठकीत ती कायम व्हायची, त्याच बैठकीत ती चोर ठरणार होती.

मी अध्यक्षांना गाठलं. सांगलीहून एक तज्ज्ञ मॅडम दसऱ्यानंतर येतील असं ठरवून घेतलं, तोवर त्या मशीनला कुणी हात लावू नये असं बजावलं, आणि अष्टमीला सांगलीलाच दाढ काढायला गेलो. दाढ थांबायला तयार नव्हती. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी अवजारं पूजतात: नांगर, पान्हे, ट्रॅक्टर, तराजू, आणि आता कॉम्प्युटर. आदल्या दिवशी सगळी धुऊन-पुसून लख्ख करायची. काही वर्षांपूर्वी मीच उत्साहानं फर्मान काढलं होतं, की नुसती वरची धूळ झटकू नका, मशीनच्या आतला कचराही काढा. त्या सफाईचं काम आबांच्या पुतण्याला दिलेलं होतं. त्याचं विट्याला कॉम्प्युटरचं दुकान.

गालात कापसाचे बोळे कोंबून मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा वैशालीचा फोन आला.

“सर, आबांचा पुतण्या आलाय. आबा त्याला म्हणत्यात, आधी हिच्या मशीनमधी काय लपवलंय ते हुडक आन् मग दे धुऊन.”

मी जो आवाज काढला त्यानं शेजारच्या बाईंचं पोर रडायला लागलं. बरोबर आलेल्या सौ.नं फोन हिसकावून घेतला. मी हातवारे करत होतो, ती बोलत होती. “हे म्हणतायत, अजिबात हात लावू देऊ नकोस.”

“काकू, कशानं अडवू? सरांच्या स्टिकरनं?”

सौ.नं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. “ह्यांच्याकडं उत्तर नाही गं,” ती म्हणाली.

पलीकडून “बरं. बघते मी,” म्हणून फोन बंद.

एसटीत मला सारखं वाटत होतं, की आपण पोहोचेपर्यंत ते मशीन माझ्या सत्काराच्या वेळच्या मशीनसारखं कोरं झालेलं असणार. त्या वेळी निदान शाल तरी मिळाली होती. या वेळी एका बाईची नोकरी आणि अब्रू, दोन्ही पुसली जाणार होती, आणि सफाईचं फर्मान माझ्या सहीचं.

संघात शिरलो तर वैशालीच्या टेबलाभोवती गर्दी. मधे मशीन. पडद्याला झेंडूची माळ, की-बोर्डवर हळदकुंकू, माऊसवर एक फूल, पुढं पान-सुपारी आणि नारळ. उदबत्ती जळत होती. आणि समोर खुर्चीत आबा, चपला काढून, हाताची घडी घालून बसलेले. बाजूला पुतण्या, पिशवीतली हत्यारं पिशवीतच.

“बगा सायेब,” आबा म्हणाले, “ही म्हणती, पूजेला मांडल्यालं हाय, दसऱ्यापातूर उठवायचं न्हाई. आरं पर खंडेनवमी उद्या हाय!”

“आमच्यात आदल्या दिवशी मांडत्यात,” वैशाली म्हणाली.

“व्हय,” तानाजी म्हणाला. “आमच्यातबी.”

तानाजीच्यात असं काही नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

आबा उसळले. “ही पुरावा लपिवती!”

तेव्हा वैशाली पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. “आबा, लपवायचं असतं तर सकाळीच तुमच्या पुतण्याला मशीन धुऊ दिलं असतं. मला तर ते हाय तसं पायजे. तेवढं एकच माझ्या बाजूनं बोलणार हाय.”

पुतण्या हळूच म्हणाला, “काका, हळदकुंकू वाहिल्याल्या मशीनला मी न्हाई हात घालणार. माझं दुकान हाय.”

“ह्यांचं तोंड का सुजलंय?” आबांनी विषय बदलला.

मी जवळ जाऊन बघितलं. इंटरनेटची वायर तिनं आधीच उपसून बाजूला गुंडाळून ठेवली होती. हे मी शिकवलेलं. माझ्या इतक्या वर्षांच्या बडबडीतलं काहीतरी कुठंतरी रुजलं होतं हे बघून दाढेचा ठणका क्षणभर थांबला. आणखी एक गोष्ट तिनं नकळत केली होती. हजर असलेल्या प्रत्येकाला, आबांनासुद्धा, तिनं कुंकू वाहायला लावलं होतं. म्हणजे सीलही झालं आणि पंचही झाले. मी कागदी पट्टी चिकटवून त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पण खरं सील झेंडूचंच.

दसरा झाला. त्या दिवशी सकाळीच सगळ्यांच्या फोनवर आबांचा हात जोडलेला फोटो आला, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ मॅडम आल्या आणि त्यांच्या देखत तानाजीनं पूजा उठवली. त्यांनी की-बोर्डवरची हळद बघून विचारलं, “हे काय?”

“सील आहे, मॅडम.”

त्यांनी फोटो काढून घेतला. “मेणाची सीलं तोडलेली पुष्कळ बघितली,” त्या म्हणाल्या. “हे चांगलं आहे.”

त्यांनी काम कसं केलं तेही सांगून टाकतो. मूळ मशीनवर त्या काही शोधत बसल्या नाहीत. त्यातली तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, काढून एका उपकरणाला जोडली. ते उपकरण नुसतं वाचतं, लिहीत नाही. त्यातून हुबेहूब नक्कल काढली, मूळ तबकडी पुन्हा सीलबंद केली, आणि सगळी शोधाशोध नकलेवर. मी बघत होतो आणि मला माझी शाल आठवत होती.

बैठकीत मॅडमनी सांगितलं, की सभासदांची सगळी माहिती एकदाच आणि एकाच पेन ड्राइव्हमध्ये उतरवली गेली. दिवस होता गौरीजेवणाचा.

वैशाली दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, “त्या दिवशी ऑफिसात एकबी बाई नव्हती.”

खरंच होतं. गौरी जेवायच्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्या बायका रजेवर असतात. मॅडम पुढं म्हणाल्या, की प्रत्येक पेन ड्राइव्हला आपला एक नंबर असतो, बोटाच्या ठशासारखा, आणि मशीननं तो लक्षात ठेवलाय. ऑफिसातले सगळे पेन ड्राइव्ह तपासावे लागतील. वार्षिक सभेत संचालकांना भेट दिलेले होते, तेसुद्धा.

संचालक एकमेकांकडं बघायला लागले. आबांना तो अपमान वाटला. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्याला अडकवलेला पेन ड्राइव्ह सोडवला आणि टेबलावर आपटला. “आधी माझा घ्या! ज्यानं काय केलंच न्हाई त्यानं भ्यायचं कशाला?”

मॅडमनी तो लावला. बघितला. पुन्हा बघितला. “हाच आहे,” त्या म्हणाल्या.

आबांच्या चेहऱ्यावर भीती बिलकुल आली नाही. आश्चर्य आलं. “हां, मग? सभासदांचं नंबर पायजे हुतं म्हून मी आख्खी यादीच त्यात घेतली हुती. शुभेच्छा पाठवायला. ती काय चोरी हाय? आपलाच संघ, आपलंच सभासद.”

“ते कुणाला दिलेत?”

“सांगलीत एकजण हाय, हजारो लोकास्नी एकदम मेसेज टाकतो. त्याला.” एवढं बोलून आबांचा आवाज वाटेतच थांबला.

तानाजी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. “व्हय की,” तो म्हणाला, “म्याच मशीन उघडून दिलं. वैशालीताईचा पासवर्ड टाकून.”

“अरे मग इतके दिवस बोलला का नाहीस?” मी ओरडलो.

“चोरी कुणी केली आसं इचारत हुता, सायेब. आबांनी कवा चोरी केली?”

आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनकडं बघितलं. घटस्थापनेच्या शुभेच्छा, दसऱ्याच्या शुभेच्छा. पुरावा हात जोडून प्रत्येकाच्या खिशात उभा होता, आणि माती भुरभुरणाऱ्या या शहाण्याच्या डोक्यात ते आलं नव्हतं. मी तर घटस्थापनेला उलट “धन्यवाद आबा” असं पाठवलंही होतं.

त्या सांगलीच्या इसमाकडं पुढं पोलीस गेले. वैशालीची माफी कुणी मागितली नाही. इतिवृत्तात “सदर विषयावर चर्चा होऊन तो निकाली काढण्यात आला” एवढंच आहे. तिला कायम करण्याचा ठराव मात्र त्याच बैठकीत आला, आणि सूचक म्हणून आबांनी हात वर केला. हात वर होता, मान खाली. आमच्याकडं माफी अशी मागतात. वैशालीनं ती घेतली की नाही, मला कळलं नाही. त्यानंतर ती पाणी प्यायला उठली तरी मशीन बंद करून उठायची. कुणी “लय शानी झाली” म्हटलं नाही. पण तिच्या टेबलाशी चार माणसं उभी राहून गप्पा मारायची, तेही थांबलं. चोर येणार हे धरून करायची तयारी म्हणतात ती हीच, आणि ती मीच शिकवत होतो. तरी ते टेबल रिकामं बघून बरं वाटायचं नाही.

पद्धत मात्र पडली. ऑफिसात कुठलंही मशीन वेडंवाकडं वागलं की पहिली आरोळी यायची, “पूजेला मांडा!” वायर उपसायची, पट्टी लावायची, वर फूल ठेवायचं. बाहेरून आलेल्या तपासनीसांनी हळदीला हरकत घेतली, ती गेली. फुलाला घेतली नाही.

मी निवृत्त झाल्यावर माझी गरम खोली वैशालीकडं गेली. मध्यंतरी काही कागदांवर सही करायला गेलो होतो. कोपऱ्यात एक मशीन मांडलेलं दिसलं, वर वाळलेला झेंडू. ती फोनवर बोलत होती. मी सवयीनं जवळ गेलो, म्हटलं फूल तरी ताजं असावं, आणि ते उचललं.

“सर, हात मागं!”

“अगं, वाळलंय म्हणून काढतोय.”

“वाळल्यालंच पायजे. कुणी हात लावला की पाकळ्या गळत्यात, लगेच कळतं.”

मी खाली बघितलं. टेबलावर पाकळ्या पडल्या होत्या. ताज्याच पडल्या होत्या, माझ्या बोटांखाली.

वैशालीनं फोन ठेवला, फोटो काढला, आणि कुणी हात लावला ते लिहायचा मशीनजवळचा कागद पुढं ओढून पेनाचं टोपण काढलं.

“पूर्ण नाव सांगा, सर.”

“अगं, मला ओळखत नाहीस का?”

“वळखते की,” ती म्हणाली. “म्हणून तर लिहून ठेवते.”